मुका कोण?



या कौटुंबिक पानावर आजवर मी इतर भगिनींचे अनुभव वाचत आले. स्वतः लिहिण्याची ही पहिलीच वेळ. मी दहावीपर्यंत शिकलेली बाई. एका दवाखान्यात २६ वर्षे आया म्हणून नोकरी केली आणि आता घरी नातू सांभाळते. लिहिण्यात चूकभूल झाली तर वाचकांनी पदरात घ्यावी. पण जे आमच्या घरात घडले ते दुसऱ्या घरात घडू नये, म्हणून लिहिणे भाग आहे.

आम्ही गड्डीगोदामला राहतो. सदर आमच्यापासून पायी अंतरावर. मंगळवारीचा बाजार, लिबर्टी टॉकीजचा चौक, रेसिडेन्सी रोड, हे सगळे आमच्या रोजच्या पायाखालचे. मुलगा ऑटो चालवतो, सून सदरमधल्या एका कपड्याच्या दुकानात कामाला जाते. जानेवारी २०२० मध्ये नातू झाला. जन्मतःच त्याला कावीळ झाली होती. चार दिवस त्याला निळ्या लाईटात ठेवले होते. मग घरी आला, आणि दोन महिन्यांत सगळे जगच बंद झाले. लॉकडाऊन लागले.

पोरगा अंगाने चांगला. हसरा. वेळेवर बसला, वेळेवर चालला. पण बोलेना. पहिले काही महिने तो "आऽ, बाऽ" असे आवाज काढायचा, पुढे तेही कमी झाले. दीड वर्षाचा झाला, दोन वर्षांचा झाला, तरी "आई" नाही की "बाबा" नाही. हवे ते बोटाने दाखवायचा, नाही दिले की ओरडायचा.

शेजारपाजारच्या बायांनी धीर दिला. एक म्हणाली, "काही नाही होत वं बाई, त्याचा बापबी तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." दुसरी म्हणाली, "जीभ चिकटली असंल, खालची शीर कापून घ्या." तिसरी म्हणाली, "लॉकडाऊनमध्ये पोरगं घरातच राहिलं, चार लेकरांत खेळलं नाही, मग कसं बोलंल?" हे शेवटचे मला पटले. अंगणवाडी बंद होती. विहारातला रविवारचा वर्ग बंद होता. मूल कोणात मिसळणार?

कानाचा संशय आमच्या मनात आला नाही असे नाही. पण तो आम्ही स्वतःच दूर केला. गड्डीगोदामच्या चौकात रस्ता, रेल्वेचा पूल, त्यावर उड्डाणपूल आणि त्याच्यावर मेट्रो, असे एकावर एक मजले आहेत. रेल्वे गेली की नातू कडेवरून वर पाहायचा. आणि १४ एप्रिल २०२२ ला, दोन वर्षांच्या खंडानंतर जयंतीची मिरवणूक पुन्हा निघाली, तेव्हा ढोलावर तो असा नाचला की सगळी वस्ती पाहत राहिली. मी सुनेला म्हणाले, "पाय, ऐकू येत नसतं तर नाचला असता का?" त्या एका वाक्याचा मला आज फार पश्चात्ताप होतो.

सुनेच्या दुकानातल्या कोणीतरी सांगितले की सदरमध्येच रेसिडेन्सी रोडच्या आतल्या गल्लीत मुलांना बोलायला शिकवण्याचे केंद्र आहे. जून २०२२ मध्ये आम्ही गेलो. बाहेर मोठी पाटी, पाटीवर सरांचे नाव, नावापुढे इंग्रजी अक्षरे. आत रंगीत खुर्च्या, भिंतीवर अ-अननसाची चित्रे. सरांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटे पाहिले. म्हणाले, "वाचा उशिरा येते आहे. आठवड्यातून दोन वेळा आणा." एका वेळेचे ३०० रुपये. महिन्याचे २,४०० रुपये झाले. मुलाने ऑटोच्या दोन फेऱ्या वाढवल्या.

त्यानंतर सर आम्हांला क्वचितच दिसले. शिकवायला एक मुलगी होती. अंगात पांढरा ॲप्रन, वय बावीस-तेवीस. आम्ही तिला मॅडम म्हणत असू. ती चित्राची कार्डे दाखवायची, मेणबत्ती फुंकायला लावायची, शिट्टी वाजवायला द्यायची, ओठाला मध लावून जीभ बाहेर काढायला शिकवायची. मोठी मायाळू पोरगी. नातू तिच्याकडे धावत जायचा. थोड्याच महिन्यांत तो तिने "गाय" म्हटले की गाईचे चित्र दाखवू लागला, "बॉल" म्हटले की बॉलचे. आम्ही आनंदलो. बोलत नाही पण समजते तर खरे! बोलेल हळूहळू.

तिचे आडनाव ऐकून, बोलणे ऐकून मला अंदाज आला होता. एकदा विचारलेच, तर ती आपल्याच समाजाची निघाली. कामठी रोडवरच्या एका वस्तीतली. वडील बांधकामावर जातात. मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू! आमच्या वेळी आम्ही दवाखान्यात फरशी पुसायला जात होतो, आणि आपली लेक ॲप्रन घालून लेकरांना बोलायला शिकवते. विहारातल्या बायांना मी हे चार वेळा सांगितले असेल.

असे अकरा महिने गेले. पैसे गेले २६,४००. पण नातवाच्या तोंडून एक शब्द फुटला नाही.

मे २०२३ मध्ये त्याचा कान दुखू लागला म्हणून सून त्याला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. मीही सोबत होते. कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला आणि विचारले, "बोलतो का?" आम्ही म्हटले, "नाही, त्याच्यासाठी सदरला नेतो." त्यांनी आम्हांला बाजूच्या खोलीत कानाची तपासणी करणाऱ्या मॅडमकडे पाठवले. त्या मॅडमनी पहिलाच प्रश्न केला, "बेरा केली का?"

आम्ही दोघी एकमेकींच्या तोंडाकडे पाहू लागलो. बेरा म्हणजे काय, हेच आम्हांला माहीत नव्हते.

मग त्या मॅडमनी एक साधी गोष्ट केली. टेबलावर गाय, बॉल आणि कप ही तीन चित्रे ठेवली. "गाय" म्हणाल्या, नातवाने बरोबर दाखवली. मग एक कागद स्वतःच्या तोंडापुढे धरला आणि तेवढ्याच आवाजात पुन्हा "गाय" म्हणाल्या. नातू नुसता पाहत राहिला. कागद काढला, "बॉल" म्हणाल्या, त्याने बॉल दाखवला. कागद धरला, पुन्हा काही नाही. मॅडम म्हणाल्या, "आजी, हा ऐकून नाही दाखवत. ओठ पाहून दाखवतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली.

पुढे बेरा झाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. मूल झोपलेले असताना त्याच्या कपाळावर आणि कानामागे छोट्या पट्ट्या चिकटवतात, कानात बारीक बारीक आवाज सोडतात. आवाज कानातून मेंदूकडे पोचतो की नाही, हे यंत्रावरच्या रेघांवरून कळते. मुलाने उत्तर द्यावे लागत नाही, त्यामुळे अगदी तान्ह्या बाळाचीही ही तपासणी होते. आमच्या नातवाचे दोन्ही कान बरेच कमजोर निघाले. ढोलाचा, रेल्वेचा असा जाड आणि मोठा आवाज त्याला कळतो. पण माणसाच्या बोलण्यातले बारीक आवाज, स, श, त, क, हे त्याच्यापर्यंत पोचतच नव्हते. जे कानात कधी गेलेच नाही ते तोंडातून बाहेर कसे येणार? जन्माच्या वेळची कावीळ फार वाढली तर ती कानाच्या नसेला बाधू शकते, म्हणून अशा बाळाचे कान लवकर तपासून घ्यायचे असतात, हेही त्या दिवशी समजले. जाणकार सांगतात, महिन्याच्या आत पहिली चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत उपाय. आमचा नातू तेव्हा साडेतीन वर्षांचा होता. भाषा शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षे निघून गेली होती, आणि त्यातले अकरा महिने आम्ही पैसे मोजून घालवले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच सदरला गेले. रागाने अंग थरथरत होते. सर नव्हते. ती मुलगी होती. मी तिला बेराचा कागद दाखवला आणि तोंडाला येईल ते बोलले. "मॅडम म्हणवून घेते, आणि लेकराला ऐकू येते का नाही एवढं नाही समजलं तुला?"

ती आधी गप्प राहिली. मग रडू लागली. म्हणाली, "आजी, मी मॅडम नाही जी. मी इथं नावं लिहायला लागली होती. पाहून पाहून शिकली. पयली मॅडम सोडून गेली तर सर म्हणाले, आता तूच घे लेकरं." पगार किती, तर महिन्याचे ७,००० रुपये. शिक्षण बारावी सायन्स. पुढे पैसे नव्हते म्हणून थांबलेले.

मग तिने जे सांगितले ते मी आजही विसरू शकत नाही. "आजी, मले वाटलं होतं जी. हा पाठमोरा असला की हाक मारली तर पलटत नाही. मी सरांना दोन वेळा सांगतलं. ते म्हणाले, तू डॉक्टर आहे का? तुले सांगतलं तेवढं कर."

मी तिथेच बसून राहिले. काय बोलावे ते सुचेना.

घरी आले तेव्हा सून संतापलेली होती. तिचेही बरोबरच होते. "आई, तक्रार करू. त्या सरावरही अन् तिच्यावरही. आपल्या लेकराचं वर्ष गेलं." मुलाने कुठून तरी माहिती काढली. १९९२ साली संसदेने भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा केलेला आहे. ही परिषद आधी १९८६ मध्ये नोंदणीकृत संस्था म्हणून सुरू झाली होती, कायदा झाल्यावर १९९३ पासून तिला वैधानिक अधिकार आले. दिव्यांगांच्या उपचाराचे आणि शिक्षणाचे काम करणाऱ्या लोकांचा अभ्यासक्रम ही परिषद ठरवते आणि त्यांची नावे एका केंद्रीय नोंदवहीत लिहिते. कान तपासणारे आणि वाचा शिकवणारे तज्ज्ञ, कानाची मशीन व साचा बनवणारे तंत्रज्ञ, विशेष शिक्षक, असे अनेक जण त्यात येतात. ज्याचे नाव त्या वहीत नाही त्याने हा व्यवसाय करायचा नाही. केला तर एक वर्षापर्यंत कैद, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

हे ऐकून मला बरे वाटायला हवे होते. उलट माझ्या पोटात गोळा आला. व्यवसाय कोण करत होते? रोज हात कोणाचे चालत होते? त्या पोरीचे! पाटीवरचा माणूस तर खोलीत नसायचाच. आपण तक्रार केली तर आधी कोणावर येईल? बांधकाम मजुराच्या लेकीवर.

आणि खरे सांगू का, "कागद" या शब्दाशीच माझे जुने भांडण आहे. आपल्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या हेच ऐकवले गेले, तुमचा अधिकार नाही, हे काम तुमचे नाही, याला हात लावू नका. वेद ऐकायचा नाही, पाणी भरायचे नाही, पाटी धरायची नाही. आता एक पोरगी स्वतःच्या हुशारीने चार गोष्टी शिकली, तर आपणच तिला विचारायचे, "तुझा कागद कुठे आहे?" मग त्यांच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला? दोन रात्री मला झोप लागली नाही.

तिसऱ्या रात्री मला माझीच एक जुनी गोष्ट आठवली. ती मी आजवर कोणाला सांगितली नव्हती.

मी आया होते तेव्हा रात्रपाळीत एका वॉर्डाला एकच सिस्टर असायची. पाहून पाहून मलाही बरेच काही येत होते. सलाईनची बाटली बदलणे, थेंब कमीजास्त करणे, ही कामे सिस्टर मला सांगायची आणि मीही अभिमानाने करायची. एका रात्री एका म्हाताऱ्या बाईची सलाईन मी बदलली. थेंब नीट पडेना म्हणून मी चाक सोडून वेग वाढवला. बाई कण्हत होती. मला वाटले, म्हातारी आहे, कण्हणारच. पहाटे सिस्टर आली तेव्हा बाईचा हात कोपरापर्यंत सुजलेला. सुई शिरेतून बाहेर आली होती आणि सगळे पाणी मांसात चालले होते. सुदैवाने हात बरा झाला. पण मला कळलेच नाही, ही गोष्ट मनाला लागली. बाटली बदलायला माझे हात शिकले होते. पण काही चुकते आहे हे कशावरून ओळखायचे, आणि ओळखल्यावर कोणाला उठवायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. हाताचे काम पाहून शिकता येते. चूक ओळखणे शिकवावे लागते.

मग मला त्या पोरीचे आणि माझे अंतर दिसले. ती माझ्याहून पुढे होती. तिने चूक ओळखली होती! कोणी शिकवले नसताना ओळखली होती. पण तिच्या बोलण्याला किंमत नव्हती, कारण तिच्याजवळ कागद नव्हता. नोंदणी असलेली सहाय्यक असती तर ती म्हणाली असती, "सर, कानाची तपासणी झाल्याशिवाय मी हे मूल घेणार नाही." आणि सरांनी काढून टाकले असते तर दुसरीकडे तिला काम मिळाले असते. बिनकागदाच्या पोरीला हे म्हणता येत नाही. तिला ७,००० रुपयांत राबवता येते आणि दोन वाक्यांत गप्प करता येते.

परमपूज्य बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी आपले पहिले पाक्षिक काढले, त्याला नाव दिले "मूकनायक". आपला समाज मुका नव्हता. त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी नव्हता. वस्तीत लेकरे माझ्या नातवाला "मुका" म्हणून चिडवतात. पण विचार केला तर त्या केंद्रात मुका कोण होता? बोलता येऊनही जिचे बोलणे कोणी ऐकले नाही ती पोरगीही मुकीच होती.

म्हणून आता माझे मत बदलले आहे. कागद मागण्यात अन्याय नाही. कागद मिळवण्याची वाट बंद ठेवण्यात अन्याय आहे. आपल्या धम्मात वैद्य जीवकाची कथा आहे. राजगृहाच्या सालवती गणिकेने टाकून दिलेले ते मूल, उकिरड्यावर सापडले, अभय राजकुमाराने वाढवले. पुढे तो तक्षशिलेला गेला आणि सात वर्षे वैद्यक शिकला. शेवटी आचार्यांनी त्याची परीक्षा घेतली. तक्षशिलेच्या चहूकडे एक योजनभर फिरून ये आणि औषधाच्या उपयोगी नाही अशी वनस्पती शोधून आण, म्हणाले. तो फिरून आला आणि म्हणाला, अशी एकही सापडली नाही. तेव्हा आचार्यांनी त्याला जाण्याची आज्ञा दिली. पुढे हाच जीवक भगवान बुद्धांचा आणि भिक्खूसंघाचा वैद्य झाला. पाहा, उकिरड्यावरच्या मुलाला कोणी जन्म विचारला नाही, पण विद्येची परीक्षा मात्र घेतली. आणि बाबासाहेबांनी तरी काय केले? परीक्षा नको असे ते म्हणाले नाहीत. कोलंबियाची पीएच.डी., लंडनची डी.एस्सी., ग्रेज इनची बॅरिस्टरी, सगळ्या परीक्षा देऊन ते त्यांच्यासमोर उभे राहिले.

वाचा उपचाराच्या कामात सहाय्यकाची पायरी आहे, हे आपल्या घरांमध्ये फारसे कोणाला माहीत नाही. पूर्ण तज्ज्ञ व्हायचे तर बारावी सायन्सनंतर चार वर्षांची पदवी आहे, त्यातले शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. पण बारावीनंतर एक वर्षाची श्रवण, भाषा व वाचा या विषयाची पदविकाही आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था १९६५ पासूनची, मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासूनची. अशा संस्थांनी हे शिक्षण देशात रुजवले. ही पदविका मिळाली की परिषदेकडे नोंद करता येते. मग तज्ज्ञाच्या देखरेखीखाली मुलांचा सराव घेणे, तपासणीत मदत करणे, आईबापांना समजावणे, ही कामे अधिकाराने करता येतात. निदान तज्ज्ञाने करायचे, सराव सहाय्यकाने घ्यायचा, आणि शंका आली की सहाय्यकाने तज्ज्ञाला सांगायचे, तज्ज्ञाने ऐकायचे.

अमेरिकेतही असे सहाय्यक आहेत. तिथे प्रत्येक राज्याचा आपापला नियम आहे. कॅलिफोर्नियात त्यांना नोंदणी लागते, टेक्सासमध्ये परवाना लागतो. सहाय्यकाने स्वतः निदान करायचे नाही आणि देखरेख करणारा तज्ज्ञ ठरलेला असला पाहिजे, ही अट मुळातच आहे. म्हणजे सहाय्यकाने काम करणे हा गुन्हा नाही. सहाय्यकाला एकटे सोडून तज्ज्ञाचे पैसे घेणे, हा खरा अपराध आहे. आपल्याकडेही आता या बाबतीत कडकपणा वाढतो आहे. २०२१ साली संसदेने फिजिओथेरपी, प्रयोगशाळा, एक्स-रे अशा कामांतल्या लोकांसाठी वेगळा आयोग नेमण्याचा कायदा केला. आपल्या कितीतरी मुली आणि मुले दवाखान्यांत अशी कामे पाहून पाहून शिकून करतात. त्यांनी वेळीच सावध व्हावे.

शेवटी आम्ही काय केले? सरांविरुद्ध लेखी तक्रार दिली. त्या पोरीचे नाव त्यात घातले नाही. सुनेला हे पटवायला मला आठ दिवस लागले. तक्रारीचे अजून काही झालेले नाही, पण पाटी मात्र बदलली आहे. ती पोरगी तिथून निघाली. मी तिच्या घरी गेले. तिचे वडील म्हणाले, "आता काय शिकवायचं जी, लग्न करून देऊ." मी म्हणाले, "भाऊ, एक वर्षाचा प्रश्न आहे. एका वर्षानं माझ्या नातवाचं काय झालं ते मला विचारा. तेच एक वर्ष तुमच्या लेकीला द्या." मातेसमान एक बाई दारात येऊन बसली म्हणून असेल, ते हो म्हणाले.

फॉर्म भरताना जातीचा दाखला काढायचा होता. तेव्हा मला आठवले, १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्र सरकारच्या सवलती बौद्धांना मिळत नव्हत्या. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा त्या मिळाल्या. मध्ये ३४ वर्षे गेली. त्या वर्षांत किती लेकी बारावीवर थांबल्या असतील! आज केंद्राच्या संस्थांत आपल्या मुलांसाठी राखीव जागा आहेत, शिष्यवृत्ती आहे. पण ज्यांना अभ्यासक्रमाचे नावच माहीत नाही त्यांना राखीव जागेचा काय उपयोग? तिला नागपूरबाहेरच्या एका मान्यताप्राप्त केंद्रात प्रवेश मिळाला. वर्ष पूर्ण झाले, परिषदेत नोंदही झाली. आता ती मुलांच्या एका शाळेत नोंदणीकृत तज्ज्ञ बाईंच्या हाताखाली काम करते. परवा भेटली तेव्हा म्हणाली, "आजी, आता मी सांगतलं की मॅडम तपासणी करायला लावतात." एवढेच म्हणाली. मला पुष्कळ वाटले.

भगिनींनो, माझ्या अनुभवावरून चार गोष्टी सांगते. पहिली, बाळाला जन्मतः कावीळ झाली असेल, वजन फार कमी असेल, मेंदूज्वर झाला असेल, किंवा घराण्यात कोणी बहिरे असेल, तर कानाची तपासणी मागून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्यातले डॉक्टर अंगणवाडीत वर्षातून दोन वेळा येतात. त्यांना सांगायला लाजू नका. दुसरी, ढोल ऐकू येतो म्हणून बोलणे ऐकू येते असे समजू नका, आणि जिभेची शीर कापायची घाई करू नका. कान तपासल्याशिवाय वाचेचा उपचार सुरू होऊ देऊ नका. तिसरी, शिकवणाऱ्याला नम्रपणे विचारा, "तुमचा परिषदेचा नोंदणी क्रमांक काय?" मुलांकडून परिषदेच्या संकेतस्थळावर नाव पाहून घ्या. सहाय्यक असेल तर विचारा, "तुमच्यावर देखरेख कोणाची? ते लेकराला केव्हा पाहतील?" खऱ्या माणसाला या प्रश्नाचा राग येत नाही. चौथी, आपल्या घरात बारावी झालेली मुलगी असेल, लहान लेकरांत रमणारी असेल, तर तिला हा मार्ग सांगा.

माझ्या नातवाला केंद्राच्या योजनेतून दोन्ही कानांच्या मशीन मिळाल्या. दिव्यांगांना साधने देणारी ही योजना १९८१ पासूनची आहे. मशीन लावली म्हणजे मूल लगेच बोलू लागते असे नाही. आधी ऐकायला शिकावे लागते. पहिल्या आठवड्यात कुकरची शिट्टी झाली की तो रडत माझ्या पदरात शिरायचा. आता पाच वर्षांचा आहे. "आई" म्हणतो, "पाणी" म्हणतो, मला "आजी" ऐवजी "आई" म्हणतो. "स" अजून येत नाही. किती येईल ते तज्ज्ञही छातीठोकपणे सांगत नाहीत. लवकर कळले असते तर जास्त आले असते, एवढे मात्र सांगतात.

रविवारी मी त्याला विहारात नेते. वंदना सुरू झाली की तो माझ्या तोंडाकडे न पाहता, हात जोडून, समोर बुद्धमूर्तीकडे पाहत बसतो. शब्द त्याला जमत नाहीत. पण त्रिशरणाची प्रत्येक ओळ संपताना शेवटचे अक्षर तो आमच्या सगळ्यांच्या आवाजात मिसळून म्हणतो. ओठ पाहून नव्हे, ऐकून म्हणतो.

नमो बुद्धाय! जयभीम!